गोळी पोटात, पोषण ताटात

परिपाठाला उभे असताना चक्कर येणारी मुलगी आणि अभ्यासिकेत पेंगणारा मुलगा यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. तो शिक्का मारण्यापूर्वी त्यांचे हिमोग्लोबिन तपासले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आहेत. चारकोपचे आपले वसतिगृह याला अपवाद असेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

रक्तक्षयावरील एक मोलाचे संशोधन आपल्याच मुंबईत झाले. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींच्या रक्तक्षयाचा संबंध त्यांनी निकृष्ट आहाराशी जोडला. यीस्टच्या स्वस्त अर्काने हा आजार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलेट म्हणून ओळखला गेला. आपल्यातील कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी गिरणगावात आयुष्य वेचले. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही.

आज शासन १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. परंतु वाटलेली गोळी ही घेतलेली गोळी नसते. मळमळ होते, शौचाचा रंग काळा होतो, म्हणून मुले ती गुपचूप टाकून देतात. हे परिणाम घातक नाहीत, हे त्यांना आधी समजावून सांगावे. गोळी जेवणानंतर, शिक्षकांसमोर घ्यावी. तिच्या आगेमागे तासभर चहा नसावा.

तथापि गोळीने सर्व उणिवा भरून निघत नाहीत. तिच्यात बी-१२ जीवनसत्त्व नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूला पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनेक गर्भवतींमध्ये बी-१२ ची कमतरता आढळली, फॉलेट मात्र पुरेसे होते. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भाजीपाल्यातून नाही. म्हणून गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे. सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार लोहाच्या गोळीने बरा होत नाही, हेही विसरू नये.

आळवी नगरीत धम्म ऐकण्यास आलेल्या भुकेल्या शेतकऱ्याला तथागतांनी प्रथम जेवू घातले आणि मगच उपदेश केला, अशी कथा आहे. निवासी शाळेच्या हाती मुलांची तिन्ही त्रिकाळची ताटे असतात. ही संधी बाहेरच्या शाळांना नाही. म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, देणगी देताना नव्या फलकाआधी भोजनगृहाचा विचार करावा. वर्षातून दोनदा रक्ततपासणी, आठवड्यातून तीनदा अंडे, न खाणाऱ्यांना दूध-दही आणि रोजच्या वरणावर लिंबाची फोड, एवढ्यापासून आरंभ करता येईल. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलांची गोळी चुकू देऊ नये.