तोल

फोमचे विमान हे केवळ खेळणे आहे, असे पुष्कळांना वाटते. ते तयार विकत घ्यावे, उडवावे आणि मोडले की टाकून द्यावे, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. परंतु जे मूल असे विमान स्वतःच्या हातांनी जोडते, त्याच्या पदरी खेळाहून अधिक काही पडते.

‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाचेच उदाहरण घ्या. ते ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर होता. दहापट लहान प्रतिकृतीत तो ११२ सेंटिमीटर भरतो. पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट घटते, वारा मात्र मुळीच घटत नाही! साधी झुळूकही या चिमुकल्या विमानाला हेलकावे देते. अशा वेळी रंग हुबेहूब असून भागत नाही. तोल अचूक हवा. भार शेपटीकडे गेला, तर विमान आवरेनासे होते. मग बॅटरी नाकाकडे सरकवून समतोल साधावा लागतो. हा धडा हात राबल्यावाचून मिळत नाही. मोडलेला पंख पुन्हा चिकटवताना आपली चूक कोठे झाली, हेही उमगते.

आणखी एक गोष्ट. प्रतिकृती पडली, तर फोम मोडतो. १९४० साली ब्रिटनच्या आकाशातून मूळ विमान कोसळे, तेव्हा कित्येकदा आतला तरुण वैमानिकही प्राणांस मुकत असे. रेडिओच्या साहाय्याने मैदानावर युद्धविमान उडविणाऱ्याने हे विसरू नये. त्याने ते माणसांच्या डोक्यांवरून कधीही नेऊ नये आणि शौर्याचे कौतुक करताना युद्धाची हौस धरू नये. तोल विमानाला हवा, तसाच तो उडविणाऱ्याच्या मनालाही हवा.