मजुराचा अर्ज कोणीं लिहावा?

साथ आली म्हणजे माणसें मरतात हें सर्वांस दिसतें. परंतु जीं वांचतात त्यांच्या हातचें काम जातें, हें मात्र साथ ओसरल्यावर फारसें कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. इ. स. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीची गोष्ट अशीच झाली आहे. तोंडावरची पट्टी गेली, तपासणीचीं नाकीं उठलीं, आणि त्या उन्हाळ्यांत आपल्या खानदेशांतील किती हात रिकामे बसले होते हेंही आपण विसरून गेलों. पुढील साथ किंवा पुढील अवर्षण येण्यापूर्वी या विस्मृतीचा विचार व्हावा, म्हणून जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांतील जमीनधारक बंधूंपुढें आम्ही चार शब्द ठेवीत आहों. आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला व घरीं थोडी जिरायत जमीन आहे. तेव्हां कागद आणि नांगर या दोहोंची बाजू आम्हांस ठाऊक आहे.

ता. २५ मार्च २०२० रोजीं गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. कापसाच्या जिनिंगांचीं दारें लागलीं, धुळ्याचे यंत्रमाग थांबले, रावेर-यावलकडे केळीचे घड बागेंत तयार असून व्यापार अडखळला. सुरतेच्या उधना व लिंबायत भागांत आपल्याकडील असंख्य कुटुंबें पोटासाठीं राहतात. तेथील कापडाचे कारखाने बंद पडतांच त्यांतील पुष्कळांनीं गांवची वाट धरली. ऊसतोड मजूर फडांवर अडकले. त्यांस तपासून घरीं सोडण्याची परवानगी राज्य सरकारनें १७ एप्रिल रोजीं दिली. मुंबईहून उत्तरेकडे निघालेले लोक आग्रा रस्त्यानें धुळें व शिरपूरवरून बिजासनच्या घाटाकडे पायीं जातांना आपण सर्वांनीं पाहिले. जालन्याहून निघालेले मध्यप्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेनें लोहमार्गानें चालत होते. त्यांतील १६ जण ८ मे रोजीं पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील करमाडजवळ, रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं सांपडून मरण पावले. ते साथीनें मेले नाहींत. काम गेल्यानें मेले.

त्या वर्षीं आखाजी २६ एप्रिलला आली. आखाजीस सालदाराचें साल पुरें व्हावें व नवें बोलणें व्हावें, ही आपली जुनी रीत आहे. परंतु त्या वैशाखांत बोलणें कसलें? आमच्या गांवीं कित्येक ठिकाणीं साल पुरें झाल्याचें सांगून सालदारास घरीं बसविलें, आणि ज्यांस ठेविलें त्यांस कमी आंकड्यावर ठेविलें. परगांवाहून परतलेलीं माणसें दारांत उभीं असल्यामुळें मजूर स्वस्त झाला होता. आम्हींही शेतांतील पऱ्हाट्या उपटण्याचें व बांध साफ करण्याचें काम नेहमीच्या दरापेक्षां कमी दरानें करून घेतलें. दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी हें कबूल करणें आम्हांस योग्य वाटतें.

याहून मोठी चूक आमच्या हातून कचेरींत झाली. त्या वेळीं आम्ही एका तालुक्याच्या ठिकाणीं नोकरीस होतों. प्रवासाचे परवाने, विलगीकरणाच्या याद्या व धान्याचीं पत्रकें यांत दिवस संपत असे. एके दिवशीं सुरतेहून परतलेला एक भूमिहीन मनुष्य दारांत उभा राहून म्हणाला, “भाऊसाहेब, धान्य मिळालं, पण मिठामिरचीला पैसा नाही. काहीतरी काम द्या.” आम्हीं त्यास ग्रामपंचायतीकडे जाण्यास सांगितलें. तो म्हणाला, “तिथं जाऊन आलो. सध्या काम नाही म्हणतात.” काम निघालें म्हणजे कळवितील, असें सांगून आम्हीं त्याची बोळवण केली. आमच्या टेबलाच्या खणांत कोरे कागद होते. त्याचा अर्ज लिहून देण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. तें आम्हीं केलें नाहीं. आषाढांत तो उसने पैसे घेऊन पुन्हा सुरतेस गेला, असें मागाहून कळलें.

अर्जानें काय झालें असतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कायद्यांत होतें. कामाचा हक्क ही कल्पना आपणांस बाहेरून आलेली नाहीं. ती महाराष्ट्राच्या दुष्काळांतून निघालेली आहे. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें तिचा प्रयोग केला. १९७२-७३ च्या दुष्काळांत खडी फोडून व तलावांची माती वाहून लक्षावधि माणसें जगलीं. त्या अनुभवावरून राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. त्याच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. आमच्या पगारांतूनही तो कापला जात असे. पुढें २००५ सालीं साऱ्या देशासाठीं कायदा झाला. त्यानें ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठीं १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, व महाराष्ट्रांत त्यापुढील दिवसांचा भार राज्यानें पत्करला.

सन २०२०-२१ मध्यें या कामाची मजुरी महाराष्ट्रांत दिवसास २३८ रुपये होती. कायद्याचें म्हणणें असें होतें कीं, मजुराचा अर्ज घेऊन त्यास तारीख घातलेली पावती द्यावी; पंधरा दिवसांच्या आंत काम न दिल्यास त्यास बेकारीभत्ता द्यावा; आणि हा भत्ता पहिल्या तीस दिवसांस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश व पुढें निदान निम्मा असावा. म्हणजे आमच्या दारांतून परत गेलेल्या त्या मनुष्यास प्रथम रोज ५९ रुपये ५० पैसे व नंतर रोज ११९ रुपये मागण्याचा अधिकार होता. रक्कम मोठी नव्हे. पण तो धर्मादायही नव्हे. मात्र हें सारें चक्र पावतीवर फिरत होतें. अर्ज नाहीं म्हणून पावती नाहीं. पावती नाहीं म्हणून पंधरा दिवस मोजणें नाहीं. दिवस मोजले नाहींत म्हणून भत्ता नाहीं. आणि भत्ता नाहीं म्हणून सरकारी दप्तरीं बेकारही नाहीं! केंद्र सरकारनें त्या मे महिन्यांत या कामांसाठीं ४०,००० कोटी रुपये जादा देण्याचें जाहीर केलें. परंतु गांवांतून मागणीच लिहून गेली नाहीं, तर तो पैसा गांवापर्यंत कोणत्या वाटेनें येणार?

त्या काळीं दुसरी मदत झालीच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. शिधापत्रिकेवर माणशीं दरमहा पांच किलो धान्य मोफत मिळालें. शिवभोजनाची थाळी दहाऐवजीं पांच रुपयांस झाली. जनधन खातें असलेल्या स्त्रियांस तीन महिने पांचपांचशें रुपये मिळाले. कारखान्यांतील ज्या कामगारांचा राज्य विमा होता, त्यांस नोकरी गेल्यास सरासरी मजुरीच्या निम्मा भत्ता ९० दिवसांपर्यंत देण्याची सोय करण्यांत आली. परंतु सुरतेच्या मागावर हजेरीपटाबाहेर राबणाऱ्यास, किंवा आपल्या बांधावर निंदणाऱ्या बाईस, विमा कोठला? परतलेल्या मजुरांसाठीं २० जून रोजीं जी खास रोजगार मोहीम सुरू झाली, ती सहा राज्यांतील ११६ जिल्ह्यांपुरती होती. त्यांत महाराष्ट्राचा एकही जिल्हा नव्हता. याउलट आपणां जमीनधारकांस किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता त्याच एप्रिलांत घरबसल्या मिळाला. सातबारावर आपलें नांव होतें म्हणून आपण कोणाच्या दारांत गेलों नाहीं. ज्याचें नांव कोणत्याही उताऱ्यावर नाहीं, त्यास त्याचा अर्ज हाच उतारा होता.

आतां आपल्या मनांतील खरी अडचण बोलूं. रोजगार हमीचीं कामें निघालीं कीं मजूर महाग होतो, कापूस वेंचावयास माणूस मिळत नाहीं, म्हणून तीं कामें न निघालेलीं बरीं, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. कित्येक ग्रामसभांत आपण याच कारणानें मौन धरतों. ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. परंतु ती अर्धवट आहे. जिरायत मुलखांत कापसाची शेवटची वेंचणी झाल्यापासून मृगापर्यंत मजुरास आपणांपाशीं काम नसतें. टाळेबंदी आली तीही याच रिकाम्या दिवसांत. त्या तीनचार महिन्यांत त्यास गांवांत काम न मिळाल्यास तो सुरतेस जातो, आणि एकदां गेला म्हणजे आषाढश्रावणांत निंदणीस परत येईलच असें नाहीं. उन्हाळ्यांत मजूर स्वस्त मिळवून पावसाळ्यांत तो गमावणें, हा हिशोब कोणत्या शहाण्या शेतकऱ्यास परवडेल? शिवाय या कामांतून निघणाऱ्या विहिरी, बांधबंदिस्ती, शेततळीं व फळबागा कोणाच्या जमिनींत होतात? पाणंद रस्त्यानें बैलगाडी कोणाची जाते? मजुरास मजुरी मिळते व जमिनीस ओल मिळते. मग विरोध तो कशाचा?

जुन्या पिढीचा अनुभवही हेंच सांगतो. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ व पावसाची ओढ हीं दोन्ही संकटें एकाच वर्षीं आलीं. त्या काळीं दुष्काळी कामांविषयीं फेमिन कोड होता. पण तो अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचनांचा ग्रंथ होता, रयतेचा हक्क नव्हता. कामें काढावीं कीं न काढावीं हें सरकारच्या मर्जीवर असे. शंभर वर्षांनंतरच्या साथींत मजुरापाशीं हक्क होता. उणीव होती ती त्याच्या वतीनें दोन ओळी लिहिणाऱ्याची.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला आहे. त्यांत दिवसांची संख्या १०० वरून १२५ केली असून, पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता हें तत्त्व कायम ठेविलें आहे. त्याचबरोबर पेरणी व कापणीच्या हंगामांत वर्षांतून एकंदर ६० दिवसांपर्यंत हीं कामें बंद ठेवण्याची तरतूद केली आहे. म्हणजे आपली तक्रार कायद्यानेंच ऐकिली; आतां आपणांस सबब उरली नाहीं. परंतु याच ठिकाणीं आम्हांस एक भय वाटतें. खानदेशचा हंगाम एक नाहीं. रावेर-यावलच्या बागाईतांत केळीचें काम बारमास. अमळनेर-पारोळ्याच्या जिरायतांत कापूस पावसाच्या भरंवशावर. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यांत भाताची लावणी. ते साठ दिवस एका फटक्यांत सर्वत्र सारखेच ठरले, तर कोठें तरी असे दिवस येतील कीं शेतांतही काम नाहीं व सरकारी कामही बंद. ती उपासमार कायद्याप्रमाणेंच झालेली असेल. म्हणून आपल्या गांवचा खरा हंगाम कोणता, हें ग्रामसभेनें ठरावांत नमूद करून वेळेवर वर पाठविलें पाहिजे. आणि तो ठराव मजुरांच्या समक्ष झाला पाहिजे.

आमच्या सूचना थोडक्याच आहेत. पहिली : प्रत्येक साक्षर जमीनधारकानें आपल्या वस्तींतील दहा मजूरघरांचे अर्ज लिहून देण्याचें अंगावर घ्यावें, व तारखेची पावती मजुराच्या हातीं पडल्याशिवाय उठूं नये. दुसरी : ग्रामसभेंत उन्हाळ्याचीं कामें आधींच मंजूर करवून ठेवावीं, संकट आल्यावर आराखडे काढूं गेल्यास पावसाळा येतो. तिसरी : आखाजीस ठरलेलें साल पुढील आखाजीपर्यंत पाळावें, मध्यें साथ आली तरी शब्द मोडूं नये. चौथी : पोटासाठीं परगांवीं कोण गेलें, याची नोंद ग्रामपंचायतींत असावी; म्हणजे तीं माणसें संकटांत परत आल्यास त्यांस कोणी परका म्हणणार नाहीं.

यांपैकीं एकाही गोष्टीस सरकारी हुकूम लागत नाहीं, कीं मोठी विद्या लागत नाहीं. आमच्यासारख्या साध्या कारकुनास जें पांच मिनिटांत करतां आलें असतें, तें आपणां सर्वांस करतां येण्याजोगें आहे. निवृत्तीनंतर आम्हीं आपल्या गांवीं दर बुधवारीं सकाळीं ओट्यावर कागद घेऊन बसण्याचा क्रम ठेविला आहे. प्रथम कोणी येईना, आतां येतात. सुरतेस गेलेला तो मनुष्य मात्र अद्याप परतलेला नाहीं, व त्याचा अर्ज आम्ही आतां लिहूं शकत नाहीं. आपल्या दारांत उद्यां जो उभा राहील, त्याचा अर्ज तरी आपण लिहावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.