वर्गणीआधी सोबतीला माणूस हवा

घरात कॅन्सर निघाला, मूत्रपिंडे निकामी झाली किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की थोड्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन फिरू लागते. रुग्णाचा फोटो, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, खाते क्रमांक, क्यूआर कोड आणि खाली ‘सढळ हाताने मदत करावी ही विनंती’. गल्लीतले लोक, वर्गमित्र, गणेश मंडळाची पोरे जमेल ते पाठवतात, आणि या चांगुलपणाला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण आवाहन निघते तोवर बहुतेक घरांतले साठवलेले पैसे संपलेले असतात, दागिने गहाण पडलेले असतात आणि ज्या योजनांतून खर्च भागू शकला असता त्यांची वेळ टळलेली असते. कर्ज आजाराच्या शेवटी होत नाही, ते पहिल्या एक-दोन दिवसांत, रुग्णालय निवडताना आणि अनामत भरतानाच सुरू होते. म्हणून अशा घराला पैशाच्याही आधी कागद समजणारा, कोणत्या खिडकीवर काय मागायचे हे ठाऊक असलेला माणूस लागतो. समाजाची आणि सरकारची मदत नेमकी तिथेच तोकडी पडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेच पाहा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने ती सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, पुढे नाव बदलले आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली योजना सगळ्या रहिवाशांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कागदावर हे फार मोठे पाऊल आहे. पण योजना रोकडरहित आहे. अंगीकृत रुग्णालयात दाखल व्हायचे, तिथल्या आरोग्यमित्राकडे नोंद करायची, उपचाराला पूर्वमान्यता घ्यायची आणि मग रुग्णालयाला पैसे सरकारकडून मिळायचे, असा तिचा क्रम आहे. आधी खिशातून भरून नंतर पावत्या दाखवल्या तर परतावा मिळत नाही. रात्री अकरा वाजता रुग्णाला घेऊन धावणाऱ्या नातेवाइकाला हा क्रम कोण सांगणार? आरोग्यमित्र बसतो अंगीकृत रुग्णालयात. कुठे जायचे हे मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ते गावातला डॉक्टर ठरवतो, रुग्णवाहिकेचा चालक ठरवतो किंवा तालुक्याला राहणारा एखादा मेहुणा ठरवतो. यातल्या काहींचे हितसंबंध गुंतलेले असतात. रुग्ण पाठवण्याच्या दलालीसाठीचा ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. रुग्ण योजनेबाहेरच्या रुग्णालयात पोहोचला आणि अनामत भरली गेली की पाच लाखांचे संरक्षण असूनही ते घर उघड्यावर पडते.

धर्मादाय रुग्णालयांचेही तसेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातल्या ४१ अ-अ कलमाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, हेही त्याच योजनेत आहे. तरी २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, तिचा मृत्यू झाला, राज्यभर संताप उसळला, आणि तेव्हा कुठे अनेकांना ही तरतूद आहे हे कळले. जमीन नाममात्र भाड्याने घ्यायची, करांत सवलती घ्यायच्या आणि दहा टक्के खाटांचा फलक दिसणार नाही अशा जागी लावायचा, हा व्यवहार काही रुग्णालये वर्षानुवर्षे करत आली आहेत. तिथे गरिबाने हात जोडून विनंती केली तर एक उत्तर मिळते. कुणी योजनेचे नाव घेऊन, खाटा शिल्लक आहेत का ते तपासून, वैद्यकीय समाजसेवकाला लेखी अर्ज दिला तर दुसरे.

हे किती घरांचे आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) बाळंतपण वगळता एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये निघाला, म्हणजे सात पट. ग्रामीण भागात सुमारे १३ टक्के कुटुंबांनी हा खर्च मुख्यतः कर्जातून भागवला होता. खर्चाचे हे आकडे म्हणजे सरासरी आहे. कॅन्सर किंवा डायलिसिसचे आकडे तिच्यात बुडून जातात. अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्रापासून केनिया-पेरूपर्यंत हजारो कुटुंबांचा अभ्यास केला आणि गरिबीत ढकलणाऱ्या कारणांत आजारपण आणि त्याचा खर्च जागोजाग अग्रभागी सापडला. ‘एका आजाराच्या अंतरावर’ या अर्थाचेच नाव त्यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाला दिले. आपल्याकडे त्या अंतराचा भाव शेकड्यात मोजतात. महिना शेकडा पाचाने घेतलेल्या लाखावर वर्षाला साठ हजार रुपये नुसते व्याज होते, आणि कमावता माणूसच अंथरुणावर असतो.

यावर पहिला आक्षेप असा की लोकांना पैसे हवे असतात, सल्ले नकोत. आक्षेपात तथ्य आहे. योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, पण परळच्या टाटा रुग्णालयासमोर महिनोन्‌महिने काढणाऱ्या नातेवाइकाचे जेवण, गाडीभाडे आणि गावाकडे बुडालेली मजुरी ती उचलत नाही. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था नसत्या तर किती जणांनी उपचार अर्ध्यावर सोडले असते, याचा अंदाज करवत नाही. वर्गणीची खरी जागा इथे आहे. पाच लाखांचे बिल गल्लीच्या वर्गणीतून फिटत नाही, पण सहा महिन्यांचा किराणा आणि मुलांची फी निश्चित निघते. बिलाचा मोठा भाग योजनेतून निघावा आणि वर्गणी या खर्चांकडे वळावी, यासाठीही आधी कुणीतरी योजनेपर्यंत न्यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारने आपली जबाबदारी टाळायची आणि समाजाने मदतनीस उभे करायचे, हा कुठला न्याय? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता. खिशातून होणारा खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला हे खरे, पण ३९ हाही समाधानाचा आकडा नव्हे. जिल्हा रुग्णालयात न्यूरोसर्जन नसेल तर कितीही हुशार मदतनीस रुग्णाला खासगीतच नेणार. जबाबदारी सरकारचीच आहे, म्हणून हा माणूस सेवाभावाने फिरणारा स्वयंसेवक असून भागणार नाही. तो ग्रामीण रुग्णालयात, चोवीस तास, पगारी हवा आणि रुग्णालयाच्या नव्हे, रुग्णाच्या बाजूने बसलेला हवा. हे काम आशाताईंच्या गळ्यात मारण्याचा मोह सरकारला होईलच, कारण आपल्याकडे कुठलेही नवे काम शेवटी त्यांच्याच पिशवीत जाते. त्यांच्यावरची कामे आणि मानधन पाहता ते अन्यायाचे ठरेल. सरकार नेमेपर्यंत ग्रामपंचायती, पतसंस्था, मोठी गणेश मंडळे यांनी एकेक जाणता माणूस मानधनावर ठेवायला कुणाची हरकत नाही. मांडवावरच्या खर्चातला थोडा भाग त्याला पुरेल.

खासगी रुग्णालयांचे म्हणणेही ऐकायला हवे. योजनेचे दर परवडत नाहीत आणि सरकारकडची देणी महिनोन्‌महिने थकतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. छोट्या गावातल्या पंधरा खाटांच्या डॉक्टरला थकबाकी पेलत नाही, म्हणून तो योजनेत येत नाही. दर वाढवायला हवेत आणि देणी मुदतीत द्यायला हवीत. पण रुग्णालयाचे सरकारशी असलेले भांडण रुग्णाच्या डोक्यावर मिटवायचे नसते. योजनेतल्या रुग्णाकडून ‘वरचे’ पैसे पावतीशिवाय घेतले जातात तेव्हा नेमके तेच होते. दरपत्रक दर्शनी भागात लावणे आणि बिल थकले म्हणून मृतदेह न अडवणे हे २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी बंधनकारक आहे. नियमाची आठवण करून देणारा कुणी शेजारी उभा असला तरच तो पाळला जातो.

आणि ज्यांचे कर्ज होऊन बसले आहे त्यांचे काय? तिथेही हाच माणूस उपयोगी पडतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. अशा सावकाराने हडपलेली जमीन जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मिळवता येते, आणि तशी ती अनेकांना मिळालीही आहे. त्याच्याही आधी करायचे काम म्हणजे वहीवर सगळी देणी मांडणे, कोणाचे किती, कोणत्या दराने आणि कोण थांबू शकतो. भावकीचे पैसे थांबतात, पतसंस्थेशी हप्ते वाढवून घेण्याबाबत बोलता येते, शेकड्याचे पैसे मात्र थांबत नाहीत. वर्गणीतून जमलेले पन्नास हजार घराच्या हातात ठेवले तर ते जो आधी दारात येईल त्याला जातात. तेच शेकडा पाचाच्या देण्यात भरले, तर वर्षाचे तीस हजार रुपये व्याज तिथल्या तिथे थांबते.