आधी काम, मग पदवी!

बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या समाजाला आठ-पंधरा दिवस एक निराळाच ज्वर चढतो. शेजारीपाजारी पेढे वाटले जातात, गुणपत्रिकेच्या प्रती काढल्या जातात, आणि त्या गोड तोंडांनीच घरोघर एक प्रश्न विचारला जातो : 'आता पुढे काय?' या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली असतात. सीईटीत बरे गुण पडले तर इंजिनिअरिंग, नाही पडले तर बी. कॉम., आणि तेही साधले नाही तर 'बघू, बी. ए.ला नाव घालून ठेवू!' मुलाला काय आवडते, त्याच्या हाताला काय साधते, कोणत्या कामात तो रात्रीचा दिवस करील, याची विचारपूस कोणी करीत नाही. लग्न जमविताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपले लोक पदवी ठरविताना मात्र शेजारच्या मुलाने कोठे नाव घातले एवढीच चौकशी करतात!

पहिल्या पानावर राजकारणाचे रणकंदन सोडून आज आम्ही हा घरगुती विषय का घेतला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. हा विषय घरगुती राहिलेला नाही. आयुष्याची तीन-चार उमेदीची वर्षे आणि आईबापांची आयुष्यभराची पुंजी ज्या निर्णयावर पणाला लागते, तो निर्णय हजारो घरांत एकाच आठवड्यात आणि बहुधा डोळे झाकून घेतला जात असेल, तर त्याची बरीवाईट फळे साऱ्या शहरालाच भोगावी लागतात. भिवंडीसारख्या शहराला तर ती अधिकच भोगावी लागतात.

भिवंडी हे काही ओसाड गाव नव्हे. येथे नगरपालिका स्थापन झाली ती १८६४ साली. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पद्मानगर वसविले, आणि हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे भोंगे बंद पडत गेले. तेव्हा तेथल्या कापडाचे मोठे काम भिवंडीच्या मागांवर येऊन पडले. पुढे मुंबईची जकात चुकविणारे व्यापारी शहराबाहेरच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल साठवू लागले. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या गावांतील भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत. उलट ती अधिक मोठी झाली. आज मुंबई-ठाण्यातील मध्यमवर्गीय गृहिणी दूरध्वनीवर बोट टेकवून जी वस्तू मागविते, ती पुष्कळदा भिवंडीच्याच एखाद्या फळीवरून निघालेली असते.

एवढे काम ज्या शहरात आहे, त्या शहरातील पदवीधर काय करतो? तो भल्या सकाळी अंजूर फाट्यावर रिक्षासाठी रांगेत उभा राहतो आणि ठाण्यात किंवा मुंबईत कसल्यातरी कचेरीत कसलीतरी नोकरी शोधतो. ती मिळाली नाही म्हणजे परत येऊन त्याच गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम पत्करतो, जे काम करण्यास बारावीचीही गरज नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच! शहरात पदव्यांची वाण नाही, बी. एन. एन. महाविद्यालय आहे, मुलींसाठी जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे. वाण आहे ती पदवी आणि काम यांच्यामधल्या पुलाची.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. 'आमचा जन्म त्या मागांच्या खडखडाटात गेला. सुताचे भाव आज एक, उद्या दुसरे. विजेचे बिल भरता भरता नाकी नऊ येतात. आमच्या पोराने पुन्हा त्याच खाईत पडावे, असे तुम्ही सांगता काय?' असे एखादा मागधारक आम्हांस विचारील. नाही, आम्ही तसे सांगत नाही. पोराने बापाचाच धंदा करावा, हा उपदेश या देशाने हजारो वर्षे ऐकला आहे आणि त्याची कडू फळेही चाखली आहेत. ज्याला भिवंडी सोडून जावयाचे असेल त्याने खुशाल जावे. पण धंद्याची मंदी ही एक गोष्ट आणि धंद्यातली विद्या ही दुसरी गोष्ट. मोडकळीस आलेला जुना धोट्याचा माग चालविणे हे एक काम झाले. सूत कसे पारखावे, सायझिंगच्या खळीचे प्रमाण काय असावे, बिनधोट्याच्या मागावर कोणते कापड परवडते, कोरे कापड येथेच रंगवून पक्के केले तर मिळकत किती वाढेल, हे जाणणे हे निराळे काम. पहिले काम कमी होत जाईल. दुसरे जाणणाऱ्याला सुरतेपासून कोइमतूरपर्यंत मागणी राहील.

इचलकरंजीचे उदाहरण याच कारणासाठी पाहण्यासारखे आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग बसविला. माग वाढले, गाव वाढले. पण ते गाव तेवढ्यावर थांबले नाही. १९८२ साली डी. के. टी. ई. संस्थेने तेथे वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय काढले, आणि मागवाल्याचा मुलगा आपल्याच गावात वस्त्रतंत्राचा अभियंता होऊ लागला. भिवंडीत त्या तोडीची संस्था उभी राहिली नाही, ही खंत आहे. पण तिचे निमित्त करून बसण्यासारखी परिस्थितीही नाही. १८८७ साली स्थापन झालेली, आज वीरमाता जिजाबाई यांचे नाव धारण करणारी तंत्रसंस्था माटुंग्याला आहे. तिच्या जवळच १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला, तो वस्त्ररसायनाच्या शिक्षणासह; आज तो स्वतंत्र विद्यापीठ म्हणून नांदतो आहे. माटुंगा भिवंडीपासून काही सातासमुद्रांपलीकडे नाही!

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे, की पदवीपासून कामाकडे जाण्याची आपली रीत उलटी आहे. कामापासून पदवीकडे आले पाहिजे. सतराव्या वर्षी आयुष्याचे काम कोणास कळते, असे कोणी म्हणेल. नाहीच कळत, म्हणून तर ते पाहावयास जावयाचे! प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पंधरा दिवस मुलाने तीन निरनिराळ्या ठिकाणी जाऊन नुसते बसावे : एखाद्या हिशेबतपासनिसाच्या कचेरीत, एखाद्या गोदामाच्या व्यवस्थापकाजवळ, एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. लोक दिवसभर प्रत्यक्ष काय करतात ते पाहावे. ज्या कामाचा सोमवारचा कंटाळवाणा दिवसही त्याला सोसवेल, ते काम त्याचे. त्यानंतर मग त्या कामाला कोणती पदवी लागते, की पदविका पुरते, हे शोधावे. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आय. टी. आय.ला 'नापासांची शाळा' म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींनी एखाद्या चांगल्या वीजतंत्र्याची महिन्याची कमाई एकवार विचारून पाहावी.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाविषयी. माहितीपत्रकावरील हिरवळीची छायाचित्रे पाहून प्रवेश घेऊ नये. त्याच महाविद्यालयातून, त्याच विषयात, पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन मुले शोधून काढावीत आणि ती आज काय करतात ते विचारावे. संस्थेला मान्यता आहे की नाही हे स्वतः तपासावे. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग वेळोवेळी जाहीर करतो आणि तरीही लोक फसतात, कारण ती यादी पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. फी म्हणजे खर्च नव्हे. जाण्यायेण्याचे भाडे, पुस्तके, शिकवणी आणि तेवढ्या वर्षांत न झालेली कमाई हे सारे मिळून खर्च. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपेपर्यंत सुरू होत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे, की हप्ता थांबला तरी व्याज सहसा थांबत नाही.

कला शाखेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कला शाखा म्हणजे उरलेल्यांची धर्मशाळा, हा समज आपण जितक्या लवकर टाकून देऊ तितके बरे. ज्या शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चार भाषा एकाच नाक्यावर कानी पडतात आणि ज्या शहराने १९७० आणि १९८४ सालच्या दंगलींचे चटके सोसले आहेत, त्या शहराला दोन भाषा उत्तम लिहिणारा शिक्षक, कायदा जाणणारा वकील, माणसे जोडणारा प्रशासक यांची गरज अभियंत्यापेक्षा कमी कशी म्हणता येईल? मात्र बी. ए. करावयाचे ते जाणूनबुजून. दुसरे काही जमले नाही म्हणून नव्हे. स्पर्धा परीक्षांच्या मागे लागणाऱ्यांनी तर किती वेळा बसावयाचे आणि यश न आल्यास काय करावयाचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. ऐन तारुण्याची सहा-सात वर्षे अभ्यासिकेत जाळून रित्या हाताने घरी परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या बुद्धीत उणेपणा नव्हता. उणीव होती ती वेळीच वळण्याची वाट आखून ठेवण्याची.

आणि मुलींचे काय? 'तिला कुठे नोकरी करावयाची आहे? जवळच्या कॉलेजात काहीतरी शिकू द्या,' असे म्हणून जो बाप मुलीच्या पदवीचा निकाल लावतो, तो तिची तीन वर्षे फुकट घालवतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२४ साली घेतला. या सवलतीची माहिती जर भिवंडीच्या गल्ल्यांत पोहोचली नसेल, तर तो दोष त्या मुलींचा नव्हे.

तथापि सारा बोजा सतरा वर्षांच्या मुलांवर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. शिक्षण व्यवहाराच्या उपयोगी पडत नाही, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. तिला आता दीडशे वर्षे होत आली! नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक ठेवले आहेत. ही तरतूद भिवंडीइतकी दुसऱ्या कोणत्या शहरात सहज अमलात येण्यासारखी आहे? कारखाने दाराशी, गोदामे वेशीवर! पण गोदामवाल्यांनी विद्यार्थ्याला फुकटचा हमाल समजू नये, आणि महाविद्यालयांनी शिक्के मारलेली खोटी प्रमाणपत्रे गोळा करून श्रेयांक वाटू नयेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा या देशात १९६१ सालापासून आहे; तो पोटातून पाळावा. शिवाय प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी आपल्या दारावर एक फलक लावावा : गेल्या वर्षी इतके विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांपैकी इतके कामाला लागले, इतके पुढे शिकत आहेत, इतके घरी आहेत. पहिल्या वर्षी तो फलक वाचून लाज वाटेल. वाटू द्यावी! लाज वाटल्याशिवाय सुधारणा होत नाही.

विणकराच्या घरी कापडाची सुरुवात कधी मागापासून होत नाही. काय विणावयाचे, पातळ की पंचा, हे आधी ठरते. मग सूत निवडले जाते, मग ताणा लागतो, आणि मग कोठे माग सुरू होतो. आपण मात्र मुलांना आधी माग सुरू करावयास लावतो आणि तीन वर्षांनी विचारतो, 'काय रे, काय विणलेस?' भिवंडीकरांना तरी ही चूक समजावून सांगण्याची गरज पडू नये. प्रवेशअर्जाच्या पहिल्या रकान्यात नाव लिहिण्यापूर्वी या आठवड्यात प्रत्येक बापाने आणि आईने मुलाला जवळ बसवून 'किती टक्के?' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'तुला कोणते काम करावेसे वाटते?' हा प्रश्न विचारावा. उत्तर लगेच मिळणार नाही. ते मिळेपर्यंत वाट पाहण्याइतके आपल्या मुलांचे मोल आपल्याला वाटते की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.