चप्पल घालूनच दीक्षाभूमीला चला



अशोक विजयादशमी जवळ आली की विहारात पदयात्रेच्या बैठका सुरू होतात. कोण कुठून निघणार, मुक्काम कुठे, जेवण कोणाकडे, फ्लेक्सवर कोणाचे फोटो, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं. पायात काय घालायचं हा विषय मात्र आम्ही आजवर एकाही बैठकीत निघालेला ऐकला नाही. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान आम्ही चपलेला देत आहोत.

आम्ही म्हणजे चौघीजणी. शिक्षणाने परिचारिका, कामाने आता कार्यकर्त्या. वर्ध्याहून नागपूरला पायी निघणाऱ्या लोकांबरोबर आम्ही औषधांची पेटी घेऊन चालतो. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी असा हा रस्ता. साधारण ७५ किलोमीटर, तीन दिवस.

काही वर्षांपूर्वी आमच्यासोबत पन्नाशीतली एक मावशी होती. दहा वर्षांपासून साखरेचा आजार. निघायच्या सकाळी कोणीतरी दानात वाटलेली प्लास्टिकची नवी चप्पल तिने घातली. एक नंबर लहान होती, पण नवी होती आणि पांढऱ्या लुगड्यावर शोभत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याच्या काठाला लाल डाग दिसला. चप्पल काढली, तर अंगठ्याच्या कडेचं कातडं निघून गेलेलं आणि करंगळी काळीनिळी झालेली. आम्ही विचारलं, "मावशी, सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "मले तं दुखलंच नाही, सिस्टर."

ती खरंच बोलत होती. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस थांबत नाही. पुढे दीड महिन्याने तिची करंगळी काढावी लागली. त्या तीन दिवसांत आम्ही तिचं बीपी दोनदा तपासलं होतं, गोळ्या घेतल्या का विचारलं होतं, ओआरएसही पाजलं होतं. पाय मात्र एकदाही पाहिले नव्हते. ती चूक आमची. हा लेख त्या चुकीतूनच आला आहे.

अनवाणी चालण्याबद्दल

अलीकडे काही तरुण मुलं-मुली मुद्दाम अनवाणी चालतात. "आमचे आजोबा छप्पन साली अनवाणी गेले होते, मग आम्ही का नाही?" असं विचारतात. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला किती लोक पायी नागपूरला पोचले, हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं. पण आजोबा अनवाणी का होते, हेही सांगायला हवं. तो काही नवस नव्हता. चप्पल घ्यायला पैसे नव्हते. आणि कितीतरी गावांत आपल्या माणसाने चप्पल घालून वरच्या आळीतून जायचं नाही, असा दंडक होता. चप्पल असली तरी ती हातात धरावी लागे. जे आपल्यावर लादलेलं होतं, ते आपणच व्रत म्हणून पुन्हा अंगावर का घ्यायचं? चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे बघा. अंगात कोट आहे, हातात पुस्तक आहे आणि पायात बूट आहेत.

दुसरी गोष्ट धम्माची. ज्या दिवसासाठी आपण चालतो, त्याचं नावच धम्मचक्र प्रवर्तन दिन. सारनाथला पाच परिव्राजकांना दिलेल्या पहिल्या उपदेशातच तथागतांनी दोन टोकं टाळायला सांगितली. एक चैनीचं, दुसरं शरीर छळण्याचं. मधला मार्ग दाखवणाऱ्या त्या उपदेशाचं स्मरण करायला आपण पाय रक्तबंबाळ करून जावं, हे कसं जुळतं?

विनयपिटकातल्या महावग्गात चामड्याच्या वस्तूंवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट येते. श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक पायांचा हा तरुण संघात आला आणि चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले. चालण्याची वाट रक्ताने भरली. ती पाहून तथागतांनी त्याला शाबासकी दिली नाही. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागत नाही, हे समजावलं. पुढे त्याला एका तळाची पादत्राणं वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्यासाठी सवलत नको. संघाला मिळाली तर मीही वापरीन. तेव्हा ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली.

कोणी म्हणेल, २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी गेलेच की. गेले. पण भिक्खूंचं रोजचं चालणं, रोजची शिस्त आणि त्यांना झालेली सवय वेगळी. वर्षभर दुकानात, शिलाई मशीनवर किंवा ऑफिसात बसणाऱ्या आपल्या पायांना तीन दिवसांत ती सवय होत नाही.

चप्पल-बूट कसे निवडायचे

आधी एक हिशेब करू. दिवसाला २५ किलोमीटर आणि एक पाऊल दोन फुटांचं धरलं, तर रोज चाळीस हजारांवर पावलं होतात. म्हणजे प्रत्येक पाय वीस हजार वेळा जमिनीवर पडतो. चपलेचा पट्टा एका जागी थोडासा घासत असेल, तर तो वीस हजार वेळा घासतो. त्यात घाम आला की कातडी मऊ पडते, तिचे थर एकमेकांवरून सरकतात, मध्ये पाणी साचतं. यालाच आपण फोड म्हणतो.

म्हणून पहिला नियम: पदयात्रेसाठी नवी चप्पल निघायच्या दिवशी घालू नका. घ्यायचीच असेल तर महिनाभर आधी घ्या. आधी घरात, मग बाजारापर्यंत, मग दोन-चार किलोमीटर असं वाढवत न्या. शेवटच्या आठवड्यात त्याच चपलेवर एकदा आठ-दहा किलोमीटर चालून बघा. जिथे लाल होईल तिथेच पुढे फोड येणार, हे समजा.

दुसरा: माप संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात आणि चालतानाही सुजतात. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ ओढा; बसून नाही, कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, त्या मोठ्या पायाचं माप धरा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र आत सरकायला नको.

तिसरा: बूट हातात घेऊन वाकवून बघा. बोटांच्या मुळाशी जिथे आपलं पाऊल वाकतं, तिथेच तो वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल किंवा पिळल्यावर फडक्यासारखा वळत असेल, तर परत ठेवा. आत हात घालून शिवण, खिळा, टोचणारी कड तपासा. तळ जाड पण हलका असावा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारचं डांबर पातळ तळातून भाजतं.

साधी हवाई चप्पल लांबच्या चालण्याला चांगली नाही. ती पडू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात. पोटऱ्या दुखतात आणि अंगठ्याजवळ जखम होते. मागे टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा लेसचे साधे खेळाचे बूट चालतील. महागच हवेत असं नाही. घरातले जुने बूट सवयीचे असतील आणि तळ एका बाजूने झिजला नसेल, तर तेच सगळ्यात चांगले. दुसऱ्याचे मागून आणलेले नकोत. त्यांना दुसऱ्याच्या पायाचा आकार आलेला असतो.

बायाबापड्या आम्हाला विचारतात, "लुगड्यावर बूट घातले तर लोक हसतील ना?" हसू द्या. आपल्या आज्या शाळेत निघाल्या तेव्हाही लोक हसलेच होते.

मोज्यांचे किमान तीन जोड घ्या. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओलाच राहतो. लवकर वाळणारे, शिवण न टोचणारे मोजे घ्या आणि दुपारच्या थांब्यावर बदला. निघताना बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन लावा. रस्त्यात पाऊस लागला, तर रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

साखरेचा आजार असेल तर

घरात एक सोपी तपासणी करा. डोळे मिटून पडायचं. घरातल्या कोणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर होत चालले आहेत असं समजा आणि पदयात्रेआधी डॉक्टरांना पाय दाखवा. पायावर आधीच जखम असेल तर चालू नका. गाडीने या. दीक्षाभूमी तीच आहे.

अशा पायांना बोटात अडकवायची चप्पल नको. मऊ तळाची एमसीआर चप्पल मिळते. कुष्ठरोगाच्या कार्यक्रमात बधिर पायांसाठी तीच दिली जाते, त्यामुळे काही लोक ती घालायला लाजतात. पाय वाचवणाऱ्या चपलेची कसली लाज? चप्पल घालण्याआधी दर वेळी ती उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. बधिर पायाला आतला खडा कळत नाही.

फोड आला तर

एखादी जागा चटचट करायला लागली की तिथेच थांबा. "मुक्कामाला बघू" म्हणू नका. बूट काढा, जागा कोरडी करा, वर कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर लहान फोड फोडू नका. स्वच्छ पट्टीने झाका. सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. फोड मोठा आणि ताणलेला असेल तर प्रशिक्षित माणसाकडूनच पाणी काढून घ्या, वरचं कातडं ओढू नका. साखरेच्या रुग्णाने स्वतः काहीच करू नये. गरम पाण्यात पायही बुडवू नयेत, कारण पाणी किती गरम आहे ते त्या पायांना कळत नाही. कुरूप काढायच्या औषधी पट्ट्याही लावू नयेत, त्यांनी चांगली कातडी जळते. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर पदयात्रा तिथेच संपली. पुढची वाट दवाखान्याची.

आयोजकांना आमचं सांगणं

डीजे आणि फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग पायांसाठी काढा. निघण्याच्या महिनाभर आधी विहारात चप्पल तपासणीचा एक रविवार ठेवा. चप्पल दान करायची असेल तर जरूर करा. पण आधी प्रत्येकाच्या पावलाची रेघ कागदावर घ्या, माप लिहा आणि तेवढ्याच मापाची, तीही महिनाभर आधी द्या. मापाविना दिलेली चप्पल काय करते ते आम्ही पाहिलं आहे. सोबत चर्मकार बांधव घ्या आणि त्याला योग्य मजुरी द्या. रस्त्यात पट्टा तुटल्यावर त्याचा टाका आमच्या पेटीइतकाच मोलाचा असतो. मागे एक गाडी ठेवा आणि तीत बसणाऱ्याला कोणी टोमणा मारणार नाही, एवढं माइकवरून सांगा.

आणि प्रत्येक मुक्कामाला चांगल्या उजेडात एक बाक, पाणी, साबण, कोरडं फडकं आणि पाय बघणारं माणूस हवं. आमच्या पदयात्रेत आता हे होतं. बाकाजवळ ती करंगळी गेलेली मावशीच बसते. ती चालत नाही, गाडीने येते. येणाऱ्याला ती पहिल्यांदा एवढंच म्हणते, "दाव पाय." कोणी "काही दुखत नाही" म्हणालं, तर त्याला ती आधी बसवते.

या दसऱ्याला तुम्ही निघणार असाल, तर आज संध्याकाळी घरात एक कागद घ्या आणि सगळ्यांच्या पावलांची रेघ ओढा. मग आपली चप्पल त्या रेघेवर ठेवून बघा. पाऊल चपलेच्या बाहेर जात असेल, तर अजून वेळ आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.