दुकान आणि शेअर एकाच वाफ्यात नकोत



निवडणुका जवळ आल्या किंवा सरकार बदलण्याची चिन्हे दिसू लागली, की या सदराकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो : आता कोणत्या उद्योगांचे शेअर घ्यावेत? दिल्लीत कोण येणार, कोणाला कोणते खाते मिळणार, यावरून अंदाज बांधले जातात. माझे म्हणणे असे, की हा हिशेब दिल्लीपासून न मांडता आपल्या गल्ल्यापासून मांडावा.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे उदाहरण घेऊ. या पट्ट्यातील किराणा, कापड, भुसार, खते-बियाणे यांचा व्यापार मुख्यतः कांदा आणि ऊस या दोन पिकांच्या जोरावर चालतो. गिऱ्हाईक माल नेते ते कांद्याची पट्टी हाती आल्यावर किंवा कारखान्याचे बिल जमा झाल्यावर फेडण्याच्या बोलीवर. वहीत उधारी माणसाच्या नावे असली, तरी आपली खरी कुळे ही दोन पिकेच आहेत.

आता डिसेंबर २०२३ आठवावा. लोकसभेची निवडणूक चार-साडेचार महिन्यांवर आली होती आणि शहरातील ग्राहकाचे ताट महाग होऊ नये, ही सरकारची चिंता समजण्याजोगी होती. ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास कारखान्यांना मनाई केली. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलेले होतेच. इकडे बाजार समित्यांत कांद्याचे भाव पडले आणि तिकडे शेअर बाजारात साखर कंपन्यांचे. ज्याची उधारी कांद्यात अडकलेली आणि शिल्लक साखरेच्या शेअरमध्ये गुंतवलेली, त्याच्यावर दोन दिवसांत दोन्हीकडून घाव बसला. इथेनॉलचा निर्णय आठवडाभरात काहीसा सैल झाला. कांद्याची बंदी मात्र उठली ती ४ मे २०२४ रोजी, शिरूर लोकसभा मतदारसंघातील मतदानाच्या नऊ दिवस आधी. तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून.

उसाचा फड रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून साखरेचा शेअर आपल्याला कळतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्या परिसरातील सहकारी कारखान्यांचे भाग शेअर बाजारात विकलेच जात नाहीत. तेथे मिळतात ते बलरामपूर चिनी, त्रिवेणी यांसारख्या उत्तर प्रदेशातील कंपन्यांचे. तेथील उसाचा दर राज्य सरकार ठरवते. उर्वरित गोष्टी केंद्राच्या हाती. साखरेचा किमान विक्रीदर केंद्राचा. तो २०१८ साली किलोला २९ रुपये ठरला आणि २०१९ मध्ये ३१ झाला. कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकावी हा कोटा केंद्राचा, निर्यातीची परवानगी केंद्राची, इथेनॉलचा खरेदीदरही केंद्राचाच आणि तो घेणाऱ्या तेल कंपन्याही बहुतांशी सरकारी. मालकाच्या हाती उरते ती यंत्रांची देखभाल आणि बँकेचे व्याज! अशा धंद्याचा ताळेबंद वाचून भविष्य कसे सांगणार? त्याचे भविष्य राजपत्रात छापून येते.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन आहे. तीळ, ऊस इत्यादी यंत्राने पिळण्याचा व्यवसाय त्यात मोडतो. मद्य, मांस, तंबाखू यांच्या कंपन्या आपण सहज टाळतो, साखरेबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतो. कोणी कोठवर पाळावे हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. परंतु शेअर म्हणजे त्या धंद्यातील भागीदारी होय, एवढे ध्यानात असावे.

तेव्हा कंपनीची पारख करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हिच्या मालाचा दर कोण ठरवतो, सरकार की गिऱ्हाईक? ४ जून २०२४ च्या दिवसाने या प्रश्नाचे मोल उघड करून दाखवले. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला होता. निकालाच्या दिवशी एका पक्षाला स्वबळावर बहुमत नाही असे दिसताच तो ४,३९० अंकांनी कोसळला. एनटीपीसी, स्टेट बँक, लार्सन अँड टुब्रो या सरकारी मालकीच्या किंवा सरकारी कामांशी निगडित कंपन्या दहा टक्क्यांहून अधिक घसरल्या. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हर वर गेली. सरकार कोणाचेही येवो, सकाळी साबण लागणारच, असा बाजाराचा साधा हिशेब होता. शुक्रवारी ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे ३ जूनच्याही वर, बंद झाला. घाबरून मंगळवारी विकणाऱ्यांचा तोटा मात्र भरून आला नाही.

याचा अर्थ सरकारशी संबंध असलेली प्रत्येक कंपनी टाळावी असा नाही. धोका कोठे दडला आहे ते ओळखावे, इतकेच. बँकांच्या शेअरचेच पाहा. १९९५ मध्ये महाराष्ट्रात सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने दाभोळचा वीजप्रकल्प रद्द केला. पुढे फेरवाटाघाटी होऊन तो उभा राहिला आणि २००१ मध्ये विजेच्या दराच्या वादात बंद पडला. त्यात आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांची मोठी कर्जे अडकली. या संस्थांचे शेअर घेणाऱ्यांपैकी किती जणांना आपण एका वीजकराराचेही भागीदार आहोत याची कल्पना असेल? म्हणून बँकेचा वार्षिक अहवाल हाती आला, की कोणत्या उद्योगाला किती कर्ज दिले आहे, तो तक्ता आधी वाचावा.

राजकीय बदल दिल्ली-मुंबईतच घडतो असेही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले आणि एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर त्या धक्क्याने पडले. तरीही कवठ्याच्या दुकानदाराने अशा निर्यातदार कंपनीचा थोडा भाग बाळगण्यास माझी हरकत नाही. पाऊस हुकला किंवा कांदा अडला, तरी तिचे गिऱ्हाईक अबाधित असते.

दुकानदाराकडे एक जमेची बाजू आहे, जी मुंबईच्या विश्लेषकाकडे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर कोणत्या कंपनीचा माल लवकर संपू लागला, कोणाचा पुडा त्याच दरात जड झाला, कोणाचा वितरक उधारी वाढवून माल गळ्यात मारू लागला, हे कंपनीच्या तिमाही निकालाच्या आधी आपल्या फळीवर दिसते. ही माहिती वहीत टिपून ठेवावी. (येथे आलेली कंपन्यांची नावे समजावण्यापुरती आहेत, खरेदीची शिफारस नव्हे.)

प्रमाणाविषयी बँकांची रीत घेण्याजोगी आहे. अर्जदार कितीही सचोटीचा असो, एका उद्योगाला किती कर्ज द्यावयाचे याची मर्यादा आधीच आखलेली असते आणि ती भरली की शाखाधिकाऱ्याचा हात थांबतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या घरांना असे माप आधी ठरवण्याची सवय असतेच. माझ्या मते आपले दुकान ज्या पिकांवर चालते त्यांच्याशी नाते असलेले साखर, खते, ट्रॅक्टर हे सर्व उद्योग मिळून शंभरातील दहा रुपयांच्या वर जाऊ नयेत. दराची दोरी सरकारच्या हाती असलेल्या इतर उद्योगांत आणखी वीस. बाकीचे गिऱ्हाईकाच्या पसंतीवर चालणाऱ्या चार-पाच निरनिराळ्या उद्योगांत विभागावेत. मुलांच्या शिक्षणाचे किंवा लग्नाचे पैसे आणि हंगामात माल भरण्याचे भांडवल यांतील काहीही नाही.

निकालाआधी सर्व विकून नंतर पुन्हा घ्यावे का, असेही काहींनी विचारले आहे. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकल्यास १२.५ टक्के, तोही वर्षभरातील सव्वा लाखाच्या नफ्यापलीकडे. वर दलाली निराळी. एवढा खर्च करून परत आत शिरताना भाव चढलेला नसेल, अशी हमी कोणाकडे असल्यास त्याने जरूर विकावे.