उधारीची वही कोण वाचणार?

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. पहाडे उर्दूत, हिशेब उर्दूत. पुढे वैरागमध्ये वडिलांच्या कापड दुकानात बसू लागलो तेव्हा उधारीची वहीही मी उर्दूतच लिहू लागलो. नाव उजवीकडून डावीकडे आणि रकमेचा आकडा डावीकडून उजवीकडे! सवय नसलेल्याला वाटावे की ही वही दोन माणसांनी दोन बाजूंनी लिहिली आहे. त्यातही माझ्या खुणा वेगळ्या. सुगीला देणार असेल त्याच्या नावापुढे एक टिंब, लग्नाच्या बस्त्याची बाकी असेल तर दोन टिंबे, आणि ज्याची आशा सोडली त्याच्या नावाखाली रेघ. पंचवीस-तीस वर्षे ही वही उत्तम चालली, कारण वाचणारा मी एकटाच होतो.

काही वर्षांपूर्वी मला आठ-दहा दिवस सोलापूरला दवाखान्यात राहावे लागले. दुकान मुलगा पाहत होता. कोणी बाकी द्यायला आले तर किती घ्यायचे हे त्याला समजेना. मालवंडीचा एक शेतकरी स्वतःच "माझे साडेचार हजार आहेत" म्हणून मोजून देऊन गेला. सगळेच असे नसतात. मी घरी आल्यावर धाकट्या मुलीने विचारले, "अब्बा, तुम्ही परत आला नसता तर ही वही कोणी वाचली असती?"

त्या दिवशी मी तिच्यावर रागावलो. परंतु प्रश्न खोटा नव्हता. देणे-घेणे लिहून ठेवा, लिहिणारा ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद आपल्याला कुरआन शरीफच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. आपण ती जुम्याच्या बयानात ऐकतो. आणि दुकानात येऊन अशी वही लिहितो की जी वारसांना वाचता येत नाही. माणूस गेल्यावर त्याचे कर्ज प्रथम फेडायचे असते. ते किती आणि कोणाचे, हेच घरात कोणाला माहीत नसेल तर फेडणार कसे?

ही मुलगी त्या वेळी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.कॉम. करीत होती. बारावीनंतर बार्शीच्या कॉलेजला रोज एस.टी.ने जाण्यास मीच नको म्हटले होते. ते बरोबर केले असे आज म्हणवत नाही. पण तिने हट्ट सोडला नाही आणि दुसरी वाट शोधली. अशा घरबसल्या पदवीबद्दल माझे मत आधी फारसे चांगले नव्हते. आता मात्र माझे स्पष्ट मत आहे की, दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरात हिशेबशास्त्र शिकायला यापेक्षा सोयीची रीत नाही. याचे कारण, कॉलेजातल्या मुलाला पुस्तकातल्या 'अ' आणि 'ब' नावाच्या काल्पनिक व्यापाऱ्यांचे ताळेबंद मांडावे लागतात. आपल्या मुलांच्या समोर खरा व्यापारी बसलेला असतो, त्याच्या चुकांसकट.

भाषेची भीती आपल्याकडे फार आहे. उर्दू शाळेतला मुलगा म्हणतो, अकाउंट्स म्हणजे इंग्रजी. मीही तसेच समजत होतो. मुलीची मराठी पुस्तके चाळली तेव्हा शब्द पाहून हसू आले. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, रक्कम, कर्ज! हे तर सगळे आपल्याच मदरशातून निघाल्यासारखे शब्द. रोजकीर्द हा शब्दही फारसीतून आलेला. जो आला तो नावे, ज्याने दिला तो जमा, ही दुहेरी नोंदीची पद्धत इटलीच्या लुका पाचोलीने 1494 साली छापील पुस्तकात मांडली. वैरागच्या पेढीवरचे जुने दिवाणजी नावे-जमा हेच शब्द वापरीत आले. आणि ज्याला मराठीही जड जाते त्याच्यासाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. ते 1998 साली स्थापन झाले आणि दूरशिक्षणाने उर्दूतून पदवी देते. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ तर 1985 पासून आहे.

आता ती शिकली म्हणून दुकानात काय फरक पडला, ते सांगतो.

पहिली गोष्ट गल्ल्याची. मी समजत होतो की घरखर्चाला महिन्याला पंधरा हजार उचलतो, म्हणजे वर्षाला 1,80,000. तिने 'उचल' असे खाते काढले आणि गल्ल्यातून जाणारी प्रत्येक नोट त्यात लिहिली. पाहुण्यांचा चहा, भावाच्या मुलीचे लग्न, गाडीचे टायर. वर्षअखेर आकडा 2,90,000 निघाला. धंदा मंदा आहे म्हणून मी दोन वर्षे कुरकुर करीत होतो. धंद्याइतकीच माझ्या हाताचीही चूक होती.

दुसरी गोष्ट सवलतीची. 400 ला घेतलेली साडी आपण 500 ला विकतो आणि म्हणतो, शेकडा 25 सुटतात. मग ईदच्या आधी शेजारच्या दुकानाने पाटी लावली म्हणून आपणही 'शेकडा 20 सूट' लावतो आणि समजतो की 5 तरी उरतील. 500 चे शेकडा 20 म्हणजे 100. उरले शून्य, आणि भाडे-वीज खिशातून. नफा खरेदीवर मोजला तर 25 आणि विक्रीवर मोजला तर 20, एवढा साधा फरक मला इतक्या वर्षांत कोणी सांगितला नव्हता. याच हिशेबाने, उधारीचे 1,000 बुडाले तर आपले 800 भांडवल गेले, आणि ते भरून काढायला आणखी 4,000 चा माल रोखीने विकावा लागतो. टॉवेलच्या एका जोडीसाठी उधारी नाकारायला आपल्याला लाज वाटते, म्हणून हे आकडे मी गल्ल्यावर चिकटवून ठेवले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांच्या कामाची आहे. 2023 च्या वित्त कायद्याने एक तरतूद आली आणि ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून घेतलेल्या मालाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. मुदत उलटून 31 मार्चलाही बाकी राहिले तर ती रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून धरली जात नाही, उत्पन्नात मिळवून तिच्यावर कर लागतो. खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळते. सोलापूरचे चादर-टॉवेलचे कितीतरी कारखाने याच वर्गात मोडतात, आणि आपली रीत लग्नसराई झाल्यावर पैसे द्यायची. म्हणजे चार-चार महिने. मार्च 2024 मध्ये आमच्या कर सल्लागारांचा फोन येण्याआधीच मुलीने यादी करून ठेवली होती. कोणाचे बिल कोणत्या तारखेचे, कोणाचा उद्यम नोंदणी क्रमांक आहे, कोण कारखानदार आणि कोण नुसता व्यापारी. हा शेवटचा फरक महत्त्वाचा, कारण ठोक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ही मुदत लागू होत नाही. मुदत उलटलेली बाकी 2,40,000 निघाली. मग मी आणि मुलगा मोटारसायकलवर सासुरे, रातंजन, मालवंडी करीत उधारी गोळा करीत फिरलो. माझ्या वहीतली टिंबे तेव्हा प्रथमच उपयोगी पडली, म्हणजे मी बरोबर होतो म्हणून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे पोहोचले. एका कारखानदाराने तर विचारले, या वर्षी काय झाले तुम्हाला?

जी.एस.टी.चे तसेच. 1 जुलै 2017 ला तो आला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी तो सल्लागाराच्या गळ्यात घातला आणि मोकळे झालो. पण माल देणाऱ्याने आपले बिल त्याच्या विवरणात दाखवले नाही तर आपण भरलेल्या कराची वजावट अडकते. हे सल्लागार वर्षातून एकदा पाहील, घरचे माणूस दर महिन्याला पाहते. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांत नगाला 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के झाले. शेरवानी 2,600 ला विकायची की 2,500 ला, याचा हिशेब दुकानातच करावा लागतो.

कारागीर बंधू म्हणतील, आमच्याकडे कुठला ताळेबंद? त्यांना तर याची गरज जास्त आहे. सच्चर समितीने 2006 साली दाखवून दिले होते की, मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर जगतात. हिंदूंत ते प्रमाण 55 च्या आसपास होते. म्हणजे आपल्यात स्वतःचा मालक आणि स्वतःचाच मुनीम असणारे जास्त. जून महिन्यात शाळेच्या गणवेशाचे काम घेणारा शिंपी दोरा-गुंडी धरतो, पण रात्रीची मजुरी आणि मशीनचा घसारा धरत नाही. गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याचेही तेच.

व्याजाचा धडा आला तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. व्याज हराम, मग ते शिकायचे कशाला? माझे म्हणणे असे की, घ्यायचे-द्यायचे नसले तरी मोजता आलेच पाहिजे. फायनान्सवाला शिलाई मशीनसाठी किंवा गाडीसाठी 1,00,000 देतो आणि 'शेकडा 12' सांगतो. दोन वर्षांचे 24,000 मिळवून 24 हप्ते करतो, दर हप्ता सुमारे 5,167. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर! खरा दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. हे मोजता येणारा मुलगा घरात असेल तर सही करणारा हात दोनदा विचार करील.

आणि जकात. मी दर रमजानमध्ये अंदाजाने पाच हजार काढीत असे आणि समाधान मानीत असे. मुलीने मांडून दाखवले: माल आजच्या भावाने 6,00,000, रोख 50,000, वसूल होण्याजोगी उधारी 1,50,000, एकूण 8,00,000. त्यातून देणे 3,00,000 वजा. राहिले 5,00,000, त्याचे अडीच टक्के 12,500. कोणती उधारी धरायची, कोणती नाही, हे मौलानांना विचारूनच केले. तो हिशेबनीसाचा प्रांत नव्हे. पण मौलानांसमोर ठेवायला आकडे तर हवेत. शिवाय सरकारी वर्ष मार्चला संपते आणि चंद्रवर्ष साधारण अकरा दिवस अगोदर सरकते, म्हणून मालाची मोजदाद आमच्याकडे आता वर्षातून दोनदा होते. मागील वर्षांचे जे कमी गेले ते हप्त्याहप्त्याने काढतो आहे.

एवढे सांगून एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. माझ्या पुतण्याने एका एजंटाला तीस हजार रुपये दिले होते. 'एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नाही.' कागद आला, चकचकीत आला, आणि नोकरीच्या ठिकाणी तो कोणी मानला नाही. आपण कापड घेताना तागा उलगडतो, पन्हा मोजतो, बोटांत चोळून खळ किती आहे ते पाहतो. पदवी घेतानाच नुसत्या लेबलावर कसे जातो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी इंटरनेटवर उघडी आहे. तिच्यात नुसते विद्यापीठाचे नाव पाहू नका. तो अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, त्या पद्धतीने मंजूर आहे का ते पाहा. दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. मंजूर असेल तर ती पदवी कॉलेजच्या पदवीइतकीच धरावी, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये कळवलेले आहे. परीक्षा नाही म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास म्हणजे हिशेबाचे शिक्षण, असेही समजू नये. ते यंत्र चालवणे झाले. ज्याला पदवीची तीन वर्षे देणे शक्य नाही, त्याने केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर वाणिज्याचे पाठ ऐकावेत. ते 2017 पासून आहेत, शिकणे फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी पडते. मात्र ऐकणाऱ्याने शेजारी स्वतःच्या दुकानाची वही ठेवली तरच उपयोग. आमच्या घरात पाठ दुपारी ऐकला जाई आणि रात्री दुकान बंद झाल्यावर माझी उलटतपासणी होई. पन्नाशीत मुलीसमोर गुन्हेगारासारखे बसावे लागते, याची तयारी ठेवावी.

माझी उर्दू वही अजून आहे. तिच्यातील टिंबांची नावे मुलीने खतावणीत उतरवून घेतली. रेघेखालची नावे राहिली आहेत. जुम्याला दुपारी दुकान बंद असते तेव्हा मी एकेक नाव वाचतो आणि ती लिहिते. काही माणसे आता हयात नाहीत, काहींची मुले पुण्याला गेली. कोणाचे बुडीत लिहायचे आणि कोणाचे माफ केले असे लिहायचे, हे ती प्रत्येक नावाला थांबून मला विचारते.